निजलेली अंडी

सेलू तालुका
२ जानेवारी १९८४

तीर्थरूप आई,

दहा वर्षांनी तुला लिहिते आहे. खुशाली विचारायचा हक्क मला उरलाय की नाही ते आधी ठरवावं आणि मग नमस्कार लिहावा, असं म्हणून कागद पुढ्यात घेऊन बराच वेळ बसले. ठरत नाही. नमस्कार घे.

रूपराव गेल्याची तार तुला मिळाली असेल. तू आली नाहीस त्याबद्दल मी काही लिहिणार नव्हते, पण लिहून गेले. मूत्रपिंडं निकामी झाली होती. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी हात टेकल्यावर रूपरावच मला म्हणाले, मले घरी ने विमल, उत्तरेच्या खोलीत ठेव, तिथं गार वाटते. शेवटी ते तिथेच होते. माझी अंडीही तिथेच होती.

अंडी म्हणजे रेशमाच्या किड्यांची. तू शाळेच्या पगारातून मला प्राणिशास्त्राची पदवी मिळवून दिलीस, ती इथे कित्येक वर्षं शेवयांच्या डब्यासारखी माळ्यावर पडून होती. मग वर्ध्याच्या एका ग्रामोद्योग संस्थेने आमच्या बाजूच्या गावांत तुती लावली आणि गावातच अंडी तयार करून देणारं माणूस शोधत लोक आले. रूपराव म्हणाले, माणूस आमच्या घरात आहे. त्यावरून घरात महिनाभर अबोला झाला. पण उत्तरेची खोली मला मिळाली. चार वर्षं मी तिथे किडे वाढवते, त्यांचे कोष करून घेते, पाखरं निघाली की त्यांची अंडी कागदावर घेते, आणि ते कागद शेतकरी घेऊन जातात.

आता त्या खोलीखेरीज मला कुठे जायचं नाही. वर्षभर उंबरा ओलांडायचा नाही असं ठरलं आहे. कोणी ठरवलं ते विचारू नकोस, या घरात गोष्टी ठरलेल्याच असतात. तेरवीपर्यंत त्यांच्या जागेवर दिवा होता, त्यात तेल घालायचं काम माझं होतं. ते संपलं. दिवा विझवायच्या आधी दोन दिवस अंडी फुटली. सध्या अळ्या मुंगीएवढ्या आहेत आणि बारीक चिरलेला कोवळा पाला खातात.

जिजा सातवीत आहे. तू तिला पाहिलंस तेव्हा ती माझ्या कडेवर होती.

उत्तर लिहिलंस तर घरच्या पत्त्यावर नको. शाळेच्या शकुंतलाबाईंच्या नावे टाक.

विमल


२४ जानेवारी १९८४

आई,

उत्तर नाही. ठीक आहे, मी लिहिते. मला इथे बोलायला कोणी नाही आणि तू निदान मध्येच तोडून बोलत नाहीस.

संक्रांत झाली. बायका ओसरीवर वाण लुटून गेल्या, मी आतून पाट्या, परड्या वाजताना ऐकल्या. सासूबाई, रुख्माबाई, मला म्हणाल्या, "तू किड्याईपाशी बस. बाहीर नको येऊ." त्या वाईट नाहीत. मुलगा गेल्यापासून त्या भिंतीला टेकून बसतात आणि कोणाकडे बघत नाहीत.

तुला मोठ्या दिरांची पद्धत माहीत असेल. वासुदेवराव माझ्याशी थेट बोलत नाहीत, मी त्यांच्यासमोर येत नाही. मधे जिजा. ते ओसरीवरून म्हणतात, "जिजे, तुह्या मायले सांग," आणि पोर मधल्या दारात उभी राहून मला सांगते. मी जे म्हणेन ते तिकडे नेते. दोन्हीकडचं ऐकू दोघांनाही येत असतं. तरी ती सांगते, शब्द न गाळता. दोन्हीकडची इतकी आदळआपट झेललेली पोर घरात अगदी गप्प असते, शाळेतही गप्प असते म्हणे.

परवा असंच झालं. गावची शाळा सातवीपर्यंत. आठवीला वर्ध्याला घालायचं हे रूपरावांनी बोलून ठेवलेलं होतं. वासुदेवराव ओसरीवरून बोलले; अण्णाजी, म्हणजे सासरे, शेजारी बसलेले होते. जिजा दारात आली आणि म्हणाली:

"माय, मोठेबाबा म्हणून राह्यले, होळीच्या आंदर नवे अंडे फुटले, लोकाईले किडे भेटले, तं तुमचं काम चालू राहीन, अन् पोरगी वर्धेले शिकन. नाई फुटले तं खोली खाली करा. पोरीले सातवी लय झाली."

ही पोरगी म्हणजे तीच. तिने ते निरोप म्हणून सांगितलं आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली, तिकडे काय न्यायचं त्यासाठी. मी म्हटलं, सांग, फुटतील.

मी हे उगाच म्हटलेलं नाही. तू मला शिकवलं आहेस, तेव्हा ऐक. या जातीच्या किड्यांची अंडी दोन तऱ्हांनी वागतात. काही घातल्यावर दहा-बारा दिवसांत फुटतात. काही घातली की झोपतात. मग ऊब दे, ऊन दे, कडक थंडीत काही महिने काढल्याशिवाय ती उठत नाहीत. हे अंड्याच्या हातात नसतं. पाखराच्या मादीच्या गळ्याशी मज्जातंतूंची एक बारीक गाठ असते. तिच्यातून एक संप्रेरक रक्तात उतरतं, ते पोटातल्या अंड्यांपर्यंत पोचलं की अंडी झोपणार. नाही उतरलं की फुटणार.

आणि आईने ते सोडायचं की नाही, हे ती स्वतः अंड्यात असतानाच ठरून गेलेलं असतं. अंड्यात असताना तिला ऊब आणि उजेड मिळाला तर पुढे तिची अंडी झोपतात. गारवा आणि अंधार मिळाला तर तिची अंडी लगेच फुटतात. हे उलटं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण तिचा हिशेब असा की उजेड पुष्कळ आहे म्हणजे सुगी आहे, आणि सुगीनंतर वाईट दिवस येणार आहेत.

म्हणून या खेपेला मी अंडी मुद्दाम उत्तरेच्या खोलीत, मलमल बांधलेल्या परड्यांत आढ्याला टांगली, डिसेंबरचा गारवा होताच, खिडकीला पोतं ठोकलं. रूपराव त्या अंधारात माझ्यासाठी कुरकुर न करता पडून राहिले. या किड्यांची पाखरं फुटणारी अंडी घालणार. घालायलाच हवीत.

विमल


१९ फेब्रुवारी १९८४

आई,

पाखरं निघाली. पांढरी, जाडजूड, उडता न येणारी. त्यांना तोंड असून खाता येत नाही, जगतात ती अंडी घालण्यापुरती. अंडी घातली की मी एकेक मादी खलबत्त्यात कुटते आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघते, रोग आहे का म्हणून. रोगी आईची अंडी जाळायची असतात. हे काम मी इतकी वर्षं मुकाट्याने केलं, यंदाच हात थांबत होता.

रोग कुठेच नाही. कागदांवर अंडी छान बसली आहेत, खसखशीएवढी, पिवळीधमक. फुटणाऱ्या अंड्यांची खूण हीच, ती पिवळी राहतात. झोपणारी दोन-तीन दिवसांत रंग बदलतात.

शेतकऱ्यांतला कवडू सकाळीच मागच्या दाराशी आला होता. त्याची तुती या भागात सगळ्यांत चांगली. तो आपला बाहेरूनच ओरडला, "बाई, पाला तय्यार हाये बरं. किडे भेटतीन ना?" मी आतून म्हटलं, भेटतील. जिजा तेव्हा माझ्याजवळ कागद धरून उभी होती. ती हसली. आई, ती हसली की हुबेहूब तुझ्यासारखी दिसते, याचा मला फार राग यायचा. आज नाही आला.

हे पत्र जिजा उद्या शाळेत जाताना टाकेल.

(दुसऱ्या दिवशी)

नाही टाकू दिलं. सकाळी पोतं बाजूला करून कागद बघितले. कडेची अंडी तांबूस झाली आहेत. मला वाटलं उजेडाचा दोष. दुपारी पुन्हा बघितले. सगळी तांबूस. काहींवर राखेचा रंग यायला लागला.

ती झोपली, आई. एकूण एक.

घातल्याच्या दुसऱ्या दिवशीच गरम आम्लात बुडवली तर झोप मोडता येते, पण ते ठाऊक असून काय उपयोग, झोपणार हेच ठाऊक नव्हतं. आता ती वेळ गेली. मी खोलीचं दार आतून लावून बसले आहे आणि बाहेर जिजा विचारते आहे, "माय, कवडूले काय सांगू?"


४ मार्च १९८४

आई,

मी सगळं पुन्हा तपासलं. जात तीच. गारवा होता. पोतं होतं. अळ्यांना पाला चांगला होता. या पाखरांना उजेड दाखवला कोणी, ते काही सुचेना. दहा दिवस मी माणसातून उठल्यासारखी वागले, भाजीत दोनदा मीठ घातलं, आणि सासूबाईंनी ती मुकाट्याने खाल्ली.

मग होळीच्या आधीची झाडलोट म्हणून खोली सारवायला घेतली. जिथे रूपरावांचं अंथरूण होतं तिथे भिंतीवर काजळीचा पट्टा आहे, खालून वर गेलेला. मी पोतेरं त्यावर ठेवलं आणि हात तसाच राहिला. पट्ट्याच्या वर आढं. आढ्याला परड्यांचे दोर.

दिवा.

माणूस जिथे गेला तिथे तेरवीपर्यंत दिवा, रात्रंदिवस, दक्षिणेकडे तोंड करून. विझू द्यायचा नाही. सासूबाई म्हणाल्या होत्या, "माह्या पोराले अंधारात वाट कशी दिसन?" आणि तो विझू नये म्हणून तेल मी घालत होते. जिला अंधार हवा होता, तिनेच. डोक्यावर परड्या टांगलेल्या, त्यांतली अंडी फुटायच्या बेतात, म्हणजे नेमक्या त्या दिवसांत जेव्हा ती उजेड मोजतात. एवढासा दिवाही त्यांना पुरतो. त्यांनी मोजला, सुगी आहे असं ठरवलं, आणि लेकींना झोपवून टाकलं.

प्राणिशास्त्र शिकलेली बाई दिव्याखाली बसून रडत होती आणि तिला दिवा दिसला नाही. हसावं की काय कळत नाही. मी दोन्ही केलं. जिजाने विचारलं म्हणून तिला सगळं समजावून सांगितलं, कोणाला बोलू नको असंही सांगितलं.

कारण हे मी ओसरीवर पाठवणार नाही. काय पाठवू? तुमच्या लेकाच्या दिव्याने घात केला असं? त्या म्हातारीने भिंतीला टेकून एवढी एकच गोष्ट धरून ठेवली आहे की त्याला वाट दिसली. जिजाची शाळा जाते आहे, ती माझ्या डोळ्यांसमोर जाते आहे, आणि तोंड उघडलं तर दुसऱ्या कोणाचं तरी काही जातं. या घराला दारं पाच आहेत, मला एकही सापडत नाही.

वासुदेवरावांचा निरोप आलाच. "जिजे, तुह्या मायले इचार, काऊन नाई फुटले?"

मी सांगितलं, माझी चूक झाली.

विमल


२३ मार्च १९८४

आई,

तुझं कार्ड शकुंतलाबाईंनी जिजाच्या हाती दिलं. "पत्रे मिळाली. प्रकृती ठीक." इतकंच. कोणाची प्रकृती ते नाही. तरी मी ते तीनदा वाचलं, आणि पत्ता तुझ्याच हातचा आहे, अक्षर कापरं झालं आहे हे पाहिलं.

होळी झाली. खोली रामनवमीपर्यंत खाली करायची आहे. जिजा दुसऱ्या दिवसापासून शेण, पाणी करायला लागली, कोणी सांगितलं नव्हतं. परीक्षेला तेवढी बसू द्या, असं मी कळवलं, तेही तिच्याच तोंडून.

तुला एक विचारायचं आहे, दहा वर्षांपासूनचं. जिजाला कडेवर घेऊन मी नागपूरला तुझ्या दारात आले होते. म्हैसूरला रेशमाच्या शिक्षणाला जायचं होतं, इथे कोणी सोडत नव्हतं. तू दारातच म्हणालीस, आता तेच घर तुझं. चहा दिलास. पोरीच्या हातात बिस्कीट दिलंस. आणि संध्याकाळच्या पॅसेंजरमध्ये बसवून दिलंस. गाडी सुटेपर्यंत तू प्लॅटफॉर्मवर उभी होतीस आणि माझ्याकडे बघत नव्हतीस. मला तुझा इतका राग आला की तो पुरवून पुरवून मी दहा वर्षं वापरला.

या झोपलेल्या अंड्यांसमोर बसून मी पुष्कळ विचार केला. मादी अंड्यांना झोपवते ते वैराने नाही. पुढे खायला पान मिळणार नाही, आत्ता बाहेर पडलीस तर मरशील, हे तिला कळलेलं असतं. तू बाबांच्या मागे एकटीने आम्हाला वाढवलंस, लोक काय काय बोलले ते तू ऐकलं होतंस, मी नाही. तू मला जगवायला झोपवलंस. आज मला हे पटतं आणि हे लिहिताना मला तुझी फार आठवण येते आहे.

पण हिवाळा संपल्यावर उठवायचं राहून गेलं, आई. ते मात्र पटत नाही.

आता इथलं ऐक. काल दुपारी सासूबाई उत्तरेच्या खोलीत आल्या. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा. जिजाने त्यांना सांगून टाकलं होतं. निरोप पोचवायची सवय, दुसरं काय. त्यांनी काजळीच्या पट्ट्यावरून हात फिरवला, मग कागदांवरची राखाडी अंडी बघितली.

"मेले काय?"

"नाही. झोपलीत."

"उठतीन?"

"थंडीत ठेवली तर. नागपूरला संत्र्यांचं शीतगृह आहे, तिथे. पोळ्यापर्यंत ठेवावी लागतील."

त्या कागदांपाशी खाली बसल्या. मग म्हणाल्या, "तुनं त्याईले काऊन नाई सांगतलं?" मी म्हटलं, तुमचा दिवा होता. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. मला रडू आवरलं नाही, आणि मी आवरलंही नाही.

विमल


१३ एप्रिल १९८४

आई,

हे पत्र टपालाने आलेलं नाही, हे तुला दिसतंच आहे. जिने ते तुझ्या हातात दिलं ती जिजा. परीक्षा काल संपली.

सासूबाईंनी ओसरीवर जाऊन स्वतः सांगितलं. जिजा मधे नव्हती, त्यांना तिची गरज नाही. "माह्या पोराच्या दिव्यानं झोपले ते अंडे. मी ते मरू नाई देत. ते नागपूरले जातीन, थंडीत. अन् जिजी घेऊन जाईन, तिले समजते त्यातलं." अण्णाजी मान हलवून राहिले. दिव्याचं नाव आल्यावर वासुदेवराव काय बोलणार? त्यांनी फक्त विचारलं, पोरगी वापस कधी येईन. सासूबाई म्हणाल्या, "काम झालं की येईन." कोणतं काम ते त्यांनी सांगितलं नाही.

पिशवी त्यांनीच भरली. वर ओल्या फडक्यात अंड्यांचा डबा. खाली तिचे चार फ्रॉक, सातवीची पुस्तकं आणि शाळा सोडल्याचा दाखला, जो शकुंतलाबाईंनी काही न विचारता दिला. मी विरोध केला नाही, मदतही केली नाही, नुसती बघत बसले. आई होणं म्हणजे काय काय असतं ते मला या घरात सासूने दाखवलं.

सोबत जंगू आहे, आमचा तुतीचा बगीचा सांभाळतो, विश्वासाचा माणूस. आधी ते दोघं अंडी शीतगृहात ठेवतील, मग तो तिला तुझ्या दारापर्यंत आणून सोडेल आणि स्टेशनवर जाऊन बसेल. संध्याकाळच्या पॅसेंजरपर्यंत तो थांबणार आहे. जिजा गाडीवर आली तर तिला घेऊन येईल. नाही आली तर एकटा येईल. मी त्याला एवढंच सांगितलं आहे, आणि तिला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला वाटतं ती आजीला भेटून परत येणार आहे. हे ठरवणं मी तुझ्यावर टाकते आहे, कारण गाडीचं वेळापत्रक तुला माझ्याइतकंच पाठ आहे.

मी आत्ता येऊ शकत नाही. मी निघाले तर तीही निघू शकणार नाही. पोळ्याला अंडी काढायची वेळ होईल आणि ती हळूहळू उबेत कशी आणायची, कुठल्या कागदावर ठेवायची हे इथे दुसऱ्या कोणालाच येत नाही. तेव्हा मलाच नागपूरला जावं लागेल, असं सासूबाईंनी ओसरीवर आत्तापासून बोलून ठेवलं आहे. मला त्या दिवसापर्यंत थांबता येईल. इतकं तर मी तुझ्याकडून शिकलेच आहे.

पोर गप्प असते. त्याने घाबरू नकोस आणि तिला निरोप सांगायला लावू नकोस. तिला जे वाटतं ते विचार, आणि उत्तर यायला वेळ लागला तर थांब. अंधारात वाढली आहे, आई. लवकर उठेल.

आणि एक. तिच्यापुढे चहा ठेवू नकोस. ती चहा पीत नाही. तिला जेवायला वाढ.

तुझी
विमल